लाइन नुसती मोकळी नव्हे, स्वच्छ करून देणाऱ्या दादांस

आदरणीय दादांस,

सादर नमस्कार.

आमची तुंबलेली सांडपाण्याची लाइन साफ करायला आपण आमच्या घरी एकच दिवस आलात, काम संपताच यंत्र गाडीवर चढवून पुढच्या कामाला निघून गेलात आणि त्या घाईत आभाराचे दोन शब्दही आमच्याकडून नीट बोलले गेले नाहीत. ते आज लिहीत आहे. पत्र उघड लिहिण्याचे कारण एवढेच, की आपले काम जमिनीखाली होते, ते कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही, आणि ज्याचे घर तुंबते त्याच्याखेरीज इतरांना त्याचे मोल सहसा कळत नाही.

त्याआधीचे तीन आठवडे आमच्या घराने कसे काढले, ते आपल्याला सांगायचे राहून गेले. वरच्या मजल्यावर कुणी अंघोळ केली की तळमजल्याच्या न्हाणीघरातील जाळीतून आधी बुडबुडे येत आणि पाठोपाठ काळे पाणी वर चढे. आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली होती. जिना तिला वर्ज्य होता आणि तिला वापरता येण्याजोगे न्हाणीघर तेवढेच होते. त्या निसरड्या फरशीवरून तिला दोघांनी धरून नेताना आमचा जीव मुठीत असे. दोनदा माणूस बोलावून लाइनमध्ये स्प्रिंग (पाइपात फिरवत ढकलायची लवचीक तार) मारून घेतली होती. दोन्ही वेळा पाणी धो धो गेले आणि आठवड्याच्या आत पुन्हा जैसे थे झाले.

आपण यंत्र खाली उतरवण्याआधी दोन गोष्टी विचारल्यात: पाणी सर्वांत आधी कुठे वर येते आणि पाइपात काही ओतले आहे का. पहिल्या उत्तरावरून आपण सांगितलेत, की एकच बेसिन तुंबले तर दोष त्या बेसिनजवळ असतो, पण वरचे पाणी सर्वांत खालच्या जाळीतून बाहेर येत असेल तर अडथळा मुख्य लाइनमध्येच आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना मला संकोच वाटला, कारण आदल्या रात्री आम्ही कॉस्टिक सोडा ओतला होता. आपण रागावला नाहीत. असे तुंबलेले पाणी दाबाने उडाले तर डोळे जाऊ शकतात, हे शांतपणे समजावलेत, चष्मा आणि हातमोजे चढवलेत, साचलेले पाणी आधी पंपाने काढलेत आणि भरपूर स्वच्छ पाणी सोडून मगच पुढे गेलात. आपल्या व्यवसायात हा प्रश्न विचारण्याची सवय किती मोलाची आहे, हे मला त्या दिवशी कळले.

थोडी वाट होताच आपण कॅमेरा आत घातलात आणि पडद्यावर मला माझ्याच घराचा पाइप दाखवलात. मी ते दृश्य विसरणार नाही. स्वयंपाकघरातून गरम असताना पातळ म्हणून वाहून गेलेले तेल-तूप पुढे थंड होऊन पाइपाला चिकटते, पाण्यातील कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन साबणासारखा कठीण थर बनतो आणि त्या थरात केस, धागे, कागद असे सारे अडकत जाते, हे आपण बोटाने दाखवत सांगितलेत. 100 मिलिमीटरच्या पाइपात चहूबाजूंनी 25 मिलिमीटर थर बसला, की व्यास निम्मा उरतो, पण पाणी जाण्याची जागा मात्र चौथाईच राहते. स्प्रिंगने त्या थराला भोक पडत होते, थर जागच्या जागी राहत होता. दोन वेळा खर्च करूनही आम्हाला न उमगलेली गोष्ट आपल्या या एका वाक्याने उलगडली. (2017 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील गटारात असाच 250 मीटर लांबीचा आणि सुमारे 130 टन वजनाचा चरबीचा गोळा सापडला होता, हे वाचलेले मला तेव्हा आठवले.)

प्रत्यक्ष जेटिंग (दाबाच्या पाण्याच्या धारेने पाइप धुणे) आपण खालच्या चेंबरमधून, प्रवाहाच्या उलट दिशेने सुरू केलेत, म्हणजे सुटलेला मळ घराकडे न जाता चेंबरकडेच वाहत आला. नोझलच्या, म्हणजे नळीच्या टोकाला लावलेल्या तोटीच्या, मागच्या बाजूच्या छिद्रांतून तिरपे उसळणारे पाणी नळीला आपोआप पुढे ढकलते, समोरचे छिद्र अडथळा फोडते, आणि खरी सफाई नळी सावकाश मागे ओढताना होते, हे मी शेजारी उभा राहून पाहिले. घरच्या नळाला दोन-तीन बार दाब असतो. आपल्या यंत्राचा काटा 150 बारवर होता. एका सांध्यातून आत शिरलेल्या झाडाच्या मुळांसाठी आपण फिरते नोझल लावलेत, मात्र पाइपाच्या भाजक्या मातीच्या जुन्या तुकड्याशी येताच दाब कमी केलात. हा तारतम्यभाव यंत्रासोबत विकत मिळत नाही.

माझा मुलगा कुतूहलाने चेंबरवर वाकला तेव्हा आपण त्याला लगेच मागे घेतलेत. नोझल पाइपाच्या आत गेल्याशिवाय दाब सुरू करायचा नाही, नळीच्या टोकापासून काही अंतरावर गुंडाळलेली रंगीत पट्टी दिसली की ते बाहेर येण्यापूर्वी दाब बंद करायचा, हा आपला नियम आपण एकदाही मोडला नाहीत. त्या धारेने त्वचेला पडलेले छिद्र टाचणीएवढे दिसले तरी आत मोठी इजा झालेली असते आणि तातडीने रुग्णालय गाठावे लागते, हे आपण त्याला समजेल अशा शब्दांत सांगितलेत.

आणि ज्या गोष्टीसाठी मी आपला सर्वाधिक ऋणी आहे, ती ही. चेंबरच्या तळाशी विटेचा तुकडा अडकला होता. याआधी आलेला माणूस आत उतरला होता आणि आम्ही त्याला उतरू दिले होते, म्हणून मी आपल्यालाही तसेच सुचवले. आपण ठाम नकार दिलात. मैल्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला थोड्या प्रमाणात सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास गेला म्हणून धोका टळला असे समजणारा माणूस तिथेच कोसळतो, असे आपण म्हणालात आणि लांब दांड्याच्या आकड्याने अर्धा तास खटपट करून तो तुकडा वरूनच काढलात. त्या पहिल्या माणसाला काही झाले असते तर, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. ती चूक आमची होती आणि ती पुन्हा या घरात होणार नाही.

शेवटी आपण पुन्हा कॅमेरा फिरवलात. पाइपाची भिंत स्वच्छ दिसत होती, पण एका ठिकाणी जमीन खचून पाइपाला पोट आले होते आणि तिथे पाणी थांबत होते. “दाबाने मळ निघतो, उतार दुरुस्त होत नाही,” असे सांगून आपण ती जागा बाहेर खडूने आखून दिलीत. दर काही महिन्यांनी आम्ही आपल्यालाच बोलावत राहिलो असतो; तरीही आपण ते लपवले नाही.

तो भाग गेल्या महिन्यात उकरून, 40 फुटांना 1 फूट असा उतार धरून नव्याने बसवून घेतला. तेल-तुपाची भांडी आम्ही आता आधी कागदाने पुसतो. काल चेंबरचे झाकण उघडून पाहिले, तर पाणी कुठेही न रेंगाळता वाहत होते. आई हल्ली काठी घेऊन एकटीच न्हाणीघरात जाते. तिने आपल्याला आवर्जून आशीर्वाद कळवायला सांगितले आहे.

आपले ऋणी,
तळमजल्यावरची आई आणि आम्ही सर्व