बोगनवेल आणि झान बारे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बोगनवेलीवरच्या पुरवणीतील लेखात ही वेल बुगनव्हिल याने शोधल्याचे म्हटले आहे. बुगनव्हिल हा फ्रान्सच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या सागरी मोहिमेचा प्रमुख होता, वेल त्याने गोळा केलेली नाही. १७६७ मध्ये रिओ द जानेरोजवळ ती गोळा झाली, ती त्याच्या ताफ्यातील वनस्पतितज्ज्ञ फिलिबेर कोमर्सों आणि त्याचा 'नोकर' यांच्या कामातून. हा नोकर म्हणजे पुरुषवेशातली झान बारे. १६८९ च्या फर्मानाने फ्रेंच आरमारी जहाजांवर स्त्रियांना बंदी होती.

वेल नेमकी कोणी तोडली याची लेखी नोंद नाही. पण कोमर्सोंच्या पायाची जखम सतत चिघळत असे, आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी मॅगेलनच्या सामुद्रधुनीतले बर्फाळ डोंगर चढताना शिधा, हत्यारे व नमुन्यांच्या वह्या झान बारेच वाहत होती, हे खुद्द बुगनव्हिलने लिहून ठेवले आहे.

खरे कष्ट तोडल्यानंतर सुरू होतात, कारण नमुना कागदांत दाबून वाळवायचा असतो. बोगनवेलीची खोडे कठीण आणि काटेरी. तशीच दाबली तर कागद उचलला जातो आणि बाजूची पाने सुरकुततात. म्हणून जाड फांदी उभी चिरावी लागते. खरी फुले तीन, बारीक नळीसारखी, प्रत्येक एकेका रंगीत पानाच्या मधल्या शिरेला चिकटलेली. एखादे पान उलटून ठेवले नाही तर ती जोडणी नमुन्यात दिसतच नाही. जहाजावरच्या दमट हवेत टिपकागद ओलाच राहिला की पाने काळी पडून देठापासून गळतात, मागोमाग बुरशी. सुरुवातीला कागद रोज बदलायचा, ओला वाळवून पुन्हा घालायचा, आणि हे शेकडो नमुन्यांसाठी. या कामात झान बारे किती तयार होती, हे कोमर्सोंच्या १७६६ च्या मृत्युपत्रातून कळते. त्यात तिला ६०० लिव्र (तेव्हाचे फ्रेंच चलन) तर ठेवले आहेतच, शिवाय त्याचा संग्रह लावून ठेवण्यासाठी वर्षभर पॅरिसच्या घरात राहण्याची मुभाही. केवळ घरकामाच्या बाईवर असे काम कोणी सोपवत नाही.

तिच्याविषयी लिहिले जाते तेव्हा प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावर तिचे सोंग कसे उघडे पडले, यावरच सारी शाई खर्च होते. त्या प्रसंगाबाबत जहाजावरच्यांच्याच रोजनिशा एकमेकींशी जुळत नाहीत. तिच्या श्रमांबद्दल मात्र वाद नाही. १७८५ मध्ये आरमार खात्याने तिला सालीना २०० लिव्र पेन्शन मंजूर केली.

कोमर्सोंच्या नावाच्या सत्तरहून अधिक जाती आहेत. त्याने तिच्या नावे मांडलेली 'बारेटिया' ही मादागास्करची प्रजाती पुढे कडुनिंबाच्या कुळातील 'टुरिया'त विलीन झाली. तिचे नाव एका वनस्पतीला मिळाले ते थेट २०१२ मध्ये: 'सोलानम बारेटी', वांग्या-बटाट्याच्या प्रजातीतील एक वेल.

दुरुस्ती छापताना, आणि सार्वजनिक बागांतल्या बोगनवेलीच्या पाट्यांवरही, 'संग्रह: फिलिबेर कोमर्सों व झान बारे, १७६७' असे लिहावे, ही विनंती.

आपले,
वनस्पतिशास्त्राचे काही शिक्षक, पुणे