एकट्यानं पोकलेन चढवताना

अंबाजोगाई,
रविवार, दिवाळीला आठ दिवस

प्रिय दत्ता,
राम राम.

परवा तुझा फोन आला तेव्हा माणसं बसली होती, म्हणून हो-हो करून ठेवला. तुझा हेल्पर पोरगा उचल घेऊन साखर कारखान्याला ऊसतोडीला गेला, आता पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, काही येत नाही, आणि तू म्हणायलास, "मी एकटाच चढवीन मशीन." चढवशील रे. 20 टनांची पोकलेन एकट्यानं ट्रेलरवर चढते, मीही चढवलीय. पण एक गोष्ट तुला आजवर खोटी सांगत आलोय, ती आधी खरी करतो.

2016 चा उन्हाळा आठव. मांजरा कोरडीठाक, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, आणि गाळ काढायला मिळेल ती मशीन लागली होती. तुझ्या साखरपुड्याला मी आलो नाही, ट्रेलर पंक्चर झाला म्हणून सांगितलं. पंक्चर-बिंक्चर काही नव्हतं.

रात्रीचे नऊ वाजलेले. मालकाचा तिसरा फोन येऊन गेलेला, पहाटे मशीन दुसऱ्या साइटवर पाहिजे म्हणून. ट्रेलरही मीच चालवायचो. गाळ वरून कोरडा पण खाली लोण्यासारखा, चेनच्या पट्ट्यांत गच्च भरलेला. लोखंडी रॅम्पवर ती चिखलाची चेन चढवली. त्यात दिवसभर काम करताना केबिन फिरलेली होती, म्हणजे चेन फिरवणाऱ्या ट्रॅव्हल मोटारी, ज्या मागं असायला पाहिजेत, त्या माझ्या पुढ्यात, आणि मी ती तशीच ट्रेलरच्या तोंडाला लावली. अशा वेळी लिव्हर उलटे चालतात हे तुला ठाऊक आहे. पुढं ढकललं की मशीन मागं येते. तेवढं माझ्याही ध्यानात होतं, लिव्हर ओढतच मी वर चाललो होतो. पण डावं-उजवंही उलटतं, ते ऐन वेळी हाताला आठवलं नाही. अर्ध्या रॅम्पवर मशीन जराशी डावीकडं सरकली. सवयीनं सावरायला गेलो, तर ती आणखीच डावीकडं गेली.

डावी चेन, तिची दोन फुटी पट्टी, अर्धी रॅम्पच्या बाहेर. सगळी मशीन कलली. सीटखाली ठेवलेली पाण्याची बाटली गडगडत दाराशी जाऊन आपटली. तो आवाज अजून कानात आहे. माझा हात दाराच्या कडीवर गेला होता, दत्ता. पण दार डावीकडं आणि कलही डावीकडंच. उडी मारली असती तर थेट तिच्याच खाली. का थांबलो, सांगता येत नाही, पण थांबलो. बेल्ट लावलेला नव्हताच, दोन्ही पाय रोवले आणि बूम, म्हणजे बकेटचा हात, अगदी हळू खाली घेतला. बकेट ट्रेलरच्या पाटावर, म्हणजे मशीन ठेवायच्या सपाट भागावर, टेकली तशी मशीन जरा निवली. मग इंच-इंच करत, बकेटचा आधार न सोडता, खाली आलो. घड्याळ पाहिलं तर जेमतेम पाच मिनिटं झालेली. त्या रात्री पुलरच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या, केबिनमध्ये पडून राहिलो. सकाळी पहारीनं चेन साफ केली, चेन सरळ करून केबिन नीट फिरवली आणि दहा मिनिटांत मशीन वर.

म्हणून मोटारी मागं, बकेट पुढं, हे आधी बघ. आणि रॅम्पवर वळायचं नाही. वाकडं वाटलं तर सरळ खाली ये, पुन्हा लाव. दहादा खाली यायला लागलं तरी बघायला कोण आहे तिथं? एकट्याचा तोच एक फायदा.

जागा मुरमाची, सपाट, टणक बघ. आपल्याकडं रॅम्प नसला की बांधाला ट्रेलर लावून मशीन सरळ आत घेतात. उन्हाळ्यात खपतं, पण पावसानंतर काळ्या रानाचा बांध बाहेरून घट्ट दिसतो आणि कड धसते. तुझा पाट तीन फूट उंच असेल तर रॅम्प बारा फुटांचा तरी पाहिजे. आठ फुटी रॅम्पवर मशीन चढते, पण आभाळ दिसतं, पाट दिसत नाही.

मशीनचं वजन ट्रेलरच्या शेपटावर आलं की पुलरला जोडलेली पुढची मान उचलते. पुलरची मागची चाकं हलकी होतात आणि हँडब्रेकला धरायला काही उरत नाही. गाडी पुढं सरकली की रॅम्प निसटलाच. म्हणून शेपटाखाली लाकडी ठोकळे भर, आणि उट्या, म्हणजे चाक अडवायच्या लाकडी पाचरी, ट्रेलरच्याही चाकांना लाव, पुलरच्याही. दगडाची उटी नको, दगड फुटतो नाहीतर निसटतो.

इशारा करायला माणूस नाही, तर चुना मार. रॅम्पच्या सरळ रेषेत मागं वीस फूट दोन रेघा ओढ आणि पाटाच्या पुढच्या टोकाला मधोमध लाल फडकं बांध. बूम फडक्याच्या सरळ रेषेत ठेवून चालायचं. वर तारा आहेत का ते आधी खाली उभं राहून बघ, रानातल्या तारा लोंबलेल्या असतात आणि केबिनमधून दिसत नाहीत. चढताना बकेट पाटापासून फूटभर वर. चेनचा मध्य रॅम्पची कड ओलांडतो तिथं मशीन एकदम पुढं आपटते, त्याच जागी बकेट टेकवून वजन हळू उतरव. आणि बेल्ट लाव. तुला बेल्टचं हसू येतं, मला ठाऊक आहे.

वर गेल्यावर मशीन फार मागं ठेवू नको, वजन मानेकडं येऊ दे. चारही कोपऱ्यांना साखळ्या. टाइटनरचा दांडा ओढताना तोंड त्याच्या वाटेत आणू नको, सुटला तर दात पाडतो. आणि दहा-पंधरा किलोमीटरवर उतरून साखळ्या बघच. चेनमधला गाळ धक्क्यांनी गळतो आणि ताणलेली साखळी ढिली पडते. धारूरच्या घाटात शिरायच्या आधी तर हमखास.

सुरू करण्याआधी वहिनींना फोन कर, "अर्ध्या तासात फोन आला नाही तर माणसं पाठव." जागा कुठली तेही नीट सांग, "रानात आहे" एवढं नको. पाऊस असला, अंधार असला, तर एकट्यानं चढवूच नको. मालक बोंबलतो, बोंबलू दे. मोबाइलवर ते बिनरॅम्पचं, बूमवर मशीन उचलून ट्रकात टाकतात ते, तू मला पाठवलं होतंस. बघायला झकास आहे.

आमच्या बांधावरची बाभूळ गेल्या महिन्यात पडली. तिच्या आठ उट्या तासून ठेवल्यात, प्रत्येकीला दोरी लावलीय, म्हणजे काढताना चाकाखाली हात घालावा लागणार नाही. पाडव्याला येतो तेव्हा गाडीत टाकून आणतो. वहिनींना सांग, करंज्या संपवू नका.

तुझा,
बाळू