सावित्रीबाईंनी माहेराहून लिहिलेलं पत्र

पुणे, 21 डिसेंबर

प्रिय सखे,

3 जानेवारीला शाळेत सावित्रीबाईंवर बोलायचंय, काय सांगू, असं विचारलंस. भिडेवाडा, 1848, अंगावर पडलेलं शेण हे मुलींना पाठ असतं. तू त्यांना बाईंनी ऑक्टोबर 1856 मध्ये जोतीरावांना लिहिलेलं पत्र वाचून दाखव.

बाई तेव्हा पंचविशीच्या. 'काव्यफुले' हा त्यांचा कवितासंग्रह येऊन दोन वर्षं झालेली. आजारपणामुळे नायगावला माहेरी होत्या आणि भावाने त्यांची मनापासून शुश्रूषा केली. तोच भाऊ एके दिवशी म्हणाला, तू आणि तुझा नवरा वाळीत पडलात, महार-मांगांसाठी करता ते काम कुळाला बट्टा लावणारं आहे.

दुखण्यातून उठवणाऱ्या माणसाला उलट बोलायला जीभ रेटत नाही गं. माझ्या भावापुढे मी कितीदा गप्प बसलेय, तुला ठाऊक आहे. बाई बसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, तू गाय-बकरी कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग तुझ्यामाझ्यासारख्या माणसांना दूर का लोटतोस? भाऊ लालबुंद झाला. आई मात्र कान देऊन ऐकत होती. सावित्री, तुझ्या जिभेवर सरस्वती नांदते, असं ती म्हणाली. आणि भावाने आजारात किती श्रम घेतले, हेही बाईंनी त्याच पत्रात लिहिलंय! ती ओळ वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी येतं.

कविता म्हणायला लावणार असशील तर 'पिवळा चाफा' घे. 'इंग्रजी माऊली'सुद्धा 'काव्यफुले'मध्येच आहे. फुलं आणि शाळा एकाच वहीत. 1877 च्या दुष्काळात ओतूरहून लिहिलेलं पत्र मोठ्या वर्गांसाठी ठेव, फार जड आहे.

शेवट मात्र सांग. 1897 ची प्लेगची साथ. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला सहासष्ट वर्षांच्या बाईंनी पाठीवर घेतलं आणि दत्तक मुलगा डॉ. यशवंतच्या दवाखान्यात आणलं. पोरगा वाचला. बाई 10 मार्चला त्याच साथीत गेल्या.

पत्राची झेरॉक्स सोबत पाठवतेय. एखाद्या खणखणीत आवाजाच्या मुलीला वाचायला दे, आणि नागाचं वाक्य आलं की थोडं थांबायला सांग तिला.

तुझीच,
मैत्रीण