बाबा, तुमच्या गोळीचं कारण

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

मधेच सोडलेली हृदयाची गोळी पुन्हा सुरू झाली असं आईने फोनवर सांगितलं आणि जीव भांड्यात पडला. पण तुम्ही म्हणालात तेही खरं आहे, बाबा. “बंद करायची नाही” असं सगळे सांगतात, का ते कुणी सांगत नाही. बीपी ताब्यात, नाडी ६४, अँजिओप्लास्टीनंतर छातीत दुखलेलं नाही, मग ही मेटोप्रोलॉलची गोळी कशाला? कॉलेजात मुलांना मी हेच शिकवते, म्हणून नीट लिहून पाठवते आहे.

तुम्ही जिना चढता किंवा कुणावर चिडता तेव्हा मूत्रपिंडांच्या वरच्या ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनलिन रक्तात येतं. हृदयात गेलेल्या नसांच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटतं. यातलं एकही आपलं काम करायला हृदयाच्या पेशीत शिरत नाही. पेशीच्या आवरणात एक लांबलचक प्रथिन असतं, सात वेळा आवरणाच्या आरपार गेलेलं. तो रिसेप्टर. बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनलिन येऊन बसलं की हे प्रथिन किंचित वळतं आणि त्याच्या आतल्या बाजूचा आकार बदलतो. तेवढ्याने आतलं जी-प्रोटीन, म्हणजे निरोप पुढे नेणारं दुसरं प्रथिन, कामाला लागतं, त्याचा एक भाग सुटून जवळच्या एन्झाइमला चिकटतो आणि ते एन्झाइम सायक्लिक एएमपीचे रेणू भराभर तयार करू लागतं. मग पेशीत कॅल्शियम जास्त येतं, स्नायू जोरात आकसतो, ठोके वाढतात. निरोप घेऊन येणारा बाहेरच राहिला, काम मात्र आत झालं, तेही कितीतरी पटींनी वाढून.

हा आतला निरोप्या, सायक्लिक एएमपी, अर्ल सदरलँडने शोधला. त्याला १९७१ चं नोबेल मिळालं. रिसेप्टर आणि जी-प्रोटीन एकमेकांना धरून असलेलं चित्र मात्र थेट २०११ मध्ये हाती आलं, ब्रायन कोबिल्काच्या प्रयोगशाळेत. पुढच्याच वर्षी त्याला आणि रॉबर्ट लेफकोवित्झला नोबेल मिळालं. लेफकोवित्झ मुळात हृदयरोगतज्ज्ञ, हे मी वर्गात आवर्जून सांगते.

मला स्वतःला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. तेच अ‍ॅड्रेनलिन हृदय पळवतं, श्वासनलिका सैल करतं आणि कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतं. रसायन एक, परिणाम तीन, कारण प्रत्येक ठिकाणचा रिसेप्टर वेगळा. १९४८ मध्ये रेमंड अल्क्विस्टने त्यांचे अल्फा आणि बीटा असे दोन गट मांडले, तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं. जेम्स ब्लॅकने घेतलं. अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून हृदयाला जास्त रक्त पुरवण्यापेक्षा हृदयाची मागणीच कमी करावी, या विचारातून त्याने साठच्या दशकात बीटा रिसेप्टर अडवणारं प्रोप्रॅनोलॉल हे औषध आणलं. तुमची गोळी त्याच घराण्यातली, मुख्यतः हृदयातल्या बीटा-१ या बीटाच्या उपप्रकारावर काम करणारी.

आता एकदम बंद का करायची नाही ते. पंगतीत कुणी पाटावर येऊन बसावं पण ताटाला हात लावू नये, तसं मेटोप्रोलॉल रिसेप्टरवर बसतं. जागा अडते, निरोप आत जात नाही. जेवणारे कमी दिसतात म्हणून यजमान आणखी पाट मांडतो. पेशीही तेच करते, महिनोन्‌महिने निरोप कमी मिळाला की रिसेप्टर वाढवते. तुम्ही गोळी सोडलीत की औषध एक-दोन दिवसांत अंगातून जातं, वाढलेले पाट मात्र त्यानंतरही काही दिवस तसेच राहतात. मग नेहमीचंच अ‍ॅड्रेनलिन भारी पडतं. ठोके वाढतात, छातीत दुखू शकतं, आणि तुमच्यासारख्या स्टेंट बसवलेल्या माणसाला हार्ट अटॅकही येऊ शकतो. नाडी ६४ आहे ती गोळी चालू आहे म्हणून, बाबा. कधी थांबवायची ठरलीच तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत डोस हळूहळू उतरवतात.

आई, आता तुझ्यासाठी. तुझ्या दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल श्वासनलिकेतल्या बीटा-२ या दुसऱ्या उपप्रकाराला जागं करतं, म्हणजे बाबांच्या गोळीच्या अगदी उलट. पंप घेतल्यावर थोडा वेळ धडधडतं ते त्याचाच काही भाग हृदयाला लागू होतो म्हणून. त्यावर उपाय म्हणून बाबांची गोळी, अर्धीसुद्धा, कधीही घ्यायची नाही. ती बीटा-२ वरही थोडीफार बसते आणि दमा उसळू शकतो. पंप पूर्वीपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर तसं डॉक्टरांना सांग.

आणखी एक, एकादशीबद्दल. बाबा, तुम्ही मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेता आणि दिवसभर साबुदाण्याच्या दोन घासांवर राहता. साखर उतरली की एरवी छाती धडधडून कळतं. तुमच्या बाबतीत ती खूण मेटोप्रोलॉल दाबून टाकतं. घाम मात्र येतो, कारण घामाच्या ग्रंथींवर दुसऱ्याच एका रसायनाचे, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिनचे रिसेप्टर असतात आणि त्यांना ही गोळी शिवत नाही. तेव्हा उपासाच्या दिवशी दरदरून घाम आला, हात गार पडले, की उकडतंय म्हणून पंख्याखाली बसू नका. आधी साखरपाणी घ्या, मग ग्लुकोमीटर काढा. उपासाच्या दिवशी साखरेची गोळी घ्यायची की नाही, किती घ्यायची, हे आषाढीच्या आधी डॉक्टरांना विचारून ठेवा.

आई, दोघांच्या सगळ्या औषधांच्या पट्ट्यांचे फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, मागची बाजूसुद्धा, नाव आणि डोस नीट दिसेल असे.

तुमची,
लेक