हौजकटोऱ्याच्या गावाहून

परतवाडा
कार्तिक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. इंग्लंडातल्या चॅट्सवर्थ वाड्याचे फोटो पोचले. आईनं दोनदा पाहिले आणि तू वाळलास म्हणाली. पण लेका, तू नुसतं कारंजंच टिपलंस! ते पाणी येतं कुठून, ते पाहून ये.

वाड्याच्या मालकानं, सहाव्या ड्यूकनं, १८४४ मध्ये आपल्या बागेचा प्रमुख जोसेफ पॅक्स्टनकडून ते एम्परर कारंजं करून घेतलं, रशियाचा झार निकोलस येणार म्हणून. वरच्या माळावर तळं खोदलं, तिथून नळ खाली उतरवला, सगळं सहा महिन्यांत. पंप नाही. आपल्या संत्र्याच्या बागेत उंचावरच्या टाकीचा कॉक सोडला की खालच्या नळीला जसा जोर येतो, तसंच ते. धार २९६ फुटांपर्यंत गेल्याची नोंद आहे. झार काही आला नाही, पण त्या निमित्तानं झालेलं काम आजही चालतंय, याचं मला फार अप्रूप वाटतं. आणि तो पायऱ्यांचा धबधबा, १६९६ सालचा! त्याच्या २४ पायऱ्या एकसारख्या नाहीत, म्हणून पाण्याचा आवाज बदलत जातो. काठाशी डोळे मिटून बस थोडा वेळ.

तुझे फोटो पाहून राहवलं नाही, अचलपूरला हौजकटोऱ्यावर जाऊन आलो. गोल हौदाच्या मधोमध ती अष्टकोनी, मजल्यांची इमारत, आठही बाजूंना कमानी. हौद कोरडा, तळात गुडघ्याएवढं गवत. कमानीत उभा राहिलो तर बाहेर ऊन रणरणत असताना आत गार वारा लागत होता. खाली पाणी असताना काय सुख असेल! शेळ्या चारणारा एक म्हातारा म्हणाला, "पानीच नाई तं कायचा हौद, बाप्पा?" खरं बोलला. वऱ्हाडच्या इमादशाहीच्या राजधानीतली ही वास्तू, आणि पाट्यासुद्धा धड नाहीत. भिंती जपायच्या तशी पाण्याची वाटही जपायला हवी, शोधायला हवी. मला हे मनापासून वाटतं.

बुऱ्हाणपूरला ती वाट अजून दिसते. मुघल सरदार खानखानान अब्दुर्रहीमच्या काळात, १६१५ मध्ये, सातपुड्याच्या पायथ्याशी विहिरींसारख्या कुंड्यांची रांग खणून त्या जमिनीखालून बोगद्यानं जोडल्या. डोंगरात मुरलेलं पाणी झिरपत त्यात उतरतं आणि उतारानंच शहराकडे जातं. तापीपलीकडे आहुखान्याची बाग आहे. मुमताजमहलला १६३१ मध्ये आधी तिथंच पुरलं होतं. लोक तेवढं ऐकून परत फिरतात. कुंड्या बघायला फार थोडे जातात.

तू पौषात येशील तेव्हा धारणीमार्गे तिकडे जाऊ. मेळघाटातला रस्ता आहे, पहाटेच निघावं लागेल. त्याआधी तू वाड्यामागच्या स्टँड वूड जंगलाचा चढ चढून वरचं तळं बघ, आणि नळ जिथून खाली वळतो तिथला फोटो पाठव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
बाळ्या