दहा रुपयांचा स्टॅम्प

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "पंधरा ऑगस्टची भाषणं ठीक आहेत बाबा, पण होस्टेलसमोरचा दिवाळीत केलेला रस्ता पहिल्या पावसात उखडला, त्याचं काय?" त्याचं काय, ते महापालिकेलाच विचार. विचारता येतं, एवढ्यासाठी तरी या देशाचे आभार मानायला हवेत.

माहिती अधिकार कायद्याचं कलम 6(2) सावकाश वाच. माहिती कशाला हवी, हे अर्जदाराला विचारता येत नाही. 1923 चा शासकीय गुपिते कायदा अजून पुस्तकात आहे, पण कलम 22 मुळे माहिती अधिकारच त्याला वरचढ ठरतो. ही मुभा कुणी ताटात वाढून दिली नाही. राजस्थानात मजुरांनी मस्टरच्या (हजेरीपटाच्या) आणि बिलांच्या नकला मागत 1996 मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं. आपल्याकडे अण्णा हजारे 2003 मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले, तेव्हा राज्याचा कायदा मार्गी लागला. देशाचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून आहे. आणि माहिती मागत राहिलेल्या तळेगावच्या सतीश शेट्टींची जानेवारी 2010 मध्ये हत्या झाली, हेही ठाऊक असू दे.

आता अर्ज. नमुना जोडपत्र 'अ'चा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. (केंद्र सरकारच्या कार्यालयात हा स्टॅम्प चालत नाही, तिथे पोस्टल ऑर्डर चालते.) महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत.

बहुतेकांचं घोडं पेंड खातं ते प्रश्नात. "रस्ता इतक्या लवकर का उखडला?" असं लिहिलंस की अर्ज गेलाच समज. 'का'चं उत्तर म्हणजे माहिती नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्येच म्हटलंय. कार्यालयात जो कागद आहे तोच मागायचा, त्याच्या नावाने. म्हणजे असं: "अमुक चौक ते तमुक चौक या रस्त्याच्या अमुक वर्षातल्या डांबरीकरणाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी, अदा केलेली देयकं आणि निविदेतील दोषदायित्व कालावधीची अट, यांच्या साक्षांकित प्रती." बास.

यात खरी मेख मोजमाप पुस्तिकेत असते. तिला सगळे एम.बी. म्हणतात. लांबी, रुंदी, थराची जाडी तिच्यात लिहिलेली असते आणि बिल त्यावरूनच निघतं. पुस्तिकेत थर 50 मिलिमीटर आणि उखडलेल्या कडेला तुझ्या कंपासमधली पट्टी 25 दाखवत असेल, तर तुझा 'का' आपोआप सुटला. कायद्याने साहित्याचे प्रमाणित नमुनेसुद्धा मागता येतात, पण हे फारसं कुणी वापरत नाही. दोषदायित्वाची मुदत संपलेली नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हायला हवी, म्हणून ती अट विसरू नकोस.

अर्ज दोन प्रतींत ने. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस. "साहेब नाहीत, ठेवून जा" म्हणतील. ठेवून आलीस तर तीस दिवस मोजायचे कुठून? उत्तराची मुदत तीस दिवसांची, जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांची. अर्ज दुसऱ्याच कार्यालयात गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो. प्रतींचे पानाला दोन रुपये. ते भरायचं पत्र आलं की लगेच भर, कारण त्यांनी पत्र पाठवल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. मुदत उलटली तर प्रती फुकट द्याव्या लागतात.

उत्तर आलं नाही किंवा गुळमुळीत आलं, तर तीस दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. तिथेही हात हलवत परत यावं लागलं, तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोग. आयोगाला अधिकाऱ्याला दिवसाला 250, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड करता येतो. करतो क्वचितच, आणि सुनावणीची तारीख लागायला फार वेळ जातो, हे आधीच सांगून ठेवतो. शिवाय 2023 च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीचं कलम आणखी आवळलंय. त्यामुळे अभियंत्याच्या किंवा ठेकेदाराच्या खासगी गोष्टींत शिरू नकोस, कामाचेच कागद माग.

रस्त्याच्या कडेचा फोटो पट्टी ठेवून आत्ताच काढ, खडी टाकून बुजवला की काही दिसायचं नाही. आणि पोच मिळाली की मला पाठव.

तुझा,
बाबा