ओरोमियातले युद्ध बातमीत कधी येणार?

इथिओपियाची बातमी आपल्याकडे आलीच तर ती उत्तरेकडच्या टिग्राई प्रांतातल्या युद्धाची. नोव्हेंबर २०२२मध्ये प्रिटोरियात तिथला शांतता करार झाला आणि सारा देशच शांत झाल्यासारखे चित्र उभे राहिले. ओरोमिया या दुसऱ्या प्रांतात मात्र गोळीबार चालूच राहिला. ओरोमो हा त्या देशातला सर्वांत मोठा समाज, त्यांच्या हक्कांसाठी लढणारी ओरोमो मुक्ती आघाडी १९७३ची. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनची अंतिम रेषा ओलांडताना इथिओपियाचा धावपटू फेयिसा लिलेसाने दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले, ते याच लोकांसाठी, सरकारच्या निषेधाची खूण म्हणून. रौप्यपदक जिंकूनही त्याला तेव्हा मायदेशी परतता आले नाही.

२०१८मध्ये अबी अहमद हे ओरोमो नेते पंतप्रधान झाले, पुढच्याच वर्षी त्यांना शांततेचे नोबेलही मिळाले. तरी आघाडीतून फुटलेली ओरोमो मुक्ती सेना आणि सरकार लढतच राहिले. २०२३मध्ये टांझानियात दोनदा बोलणी झाली, दोन्ही वेळा फिसकटली. यात भरडला जातो तो पश्चिम ओरोमियातल्या वोलेगाचा शेतकरी. जून २०२२मध्ये तिथल्या टोले भागात अम्हारा या दुसऱ्या समाजाचे शेकडो गावकरी मारले गेले. सरकारने बंडखोरांवर आणि बंडखोरांनी सरकारवर ठपका ठेवला. याची निःपक्ष चौकशी व्हावी, असा आग्रह भारताने धरायला हवा. २०२४पासून इथिओपिया ब्रिक्समध्ये आपल्या शेजारी बसतो आहे.

– एक वाचक, सोलापूर